फुंकून प्यायलेले ताक

एकदा एक वृद्ध गुरुजी भांड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी माठातले गार ताक फुंकून फुंकून प्यायले. घरातली माणसे खो खो हसली. पण त्या फुंकरीनंतरच त्या घरातला अडून बसलेला संगणक वळणावर आला. तो कसा आला, त्याची ही गोष्ट.

हे गुरुजी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पडवीत दुरुस्तीचे टेबल मांडले. कुणाचा रेडिओ मुका झाला, कुणाचा मिक्सर अडला, की माणसे तो पिशवीत घालून त्यांच्याकडे आणीत. पुढे घरोघरी संगणक येऊ लागले, तेव्हा गुरुजी त्या वयात तेही शिकले. "यंत्रं नवी असतात, त्यांचे रोग जुनेच असतात," असे ते म्हणत.

त्यांच्याकडे हर्षला नावाची एक शिष्या काम शिकत असे. मुलगी बुजरी. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. पण नजर मात्र अशी तयार, की फरशीच्या फटीत पडलेला बारीक स्क्रू सगळ्यांच्या आधी तिलाच दिसायचा.

गणपतीच्या दिवसांत मंडळाचा ॲम्प्लिफायर बिघडला. गुरुजींनी तिला एकटीला पाठवले. तिने तो दुरुस्त केला, वाजवून दाखवला आणि घरी आली. संध्याकाळी ती आणि गुरुजी मांडवात उभे असताना, ऐन आरतीत त्यातून धूर निघाला. मांडवात हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडले, "अहो गुरुजी, धूप आम्ही लावला होता की! तुमचा कशाला?"

गुरुजी तिला एका शब्दानेही रागावले नाहीत. तेच तिला अधिक लागले. रागावले असते तर तिला काही सांगता तरी आले असते. न रागावलेल्या माणसापुढे बाजू मांडायची कशी? दुसऱ्या दिवसापासून एवढेच झाले, की तिच्या वाट्याला दोन शब्द उरले, "धर" आणि "दे". बॅटरी धर. पेचकस दे. वायर नीट धर. गुरुजींच्या आवाजात पूर्वीइतकीच माया होती, पण काम मात्र त्यांच्याच हातात राहायचे. हर्षलाच्या मनात एकच इच्छा होती. एखादे काम पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हाती यावे. ते मागायला जीभ उचलत नव्हती. दसरा सरला, कोजागिरी उजाडली, तरी ती आपली बॅटरी धरूनच उभी होती.

त्या कोजागिरीच्या सकाळी भांड्यांचा व्यापारी धापा टाकीत पडवीत आला.

"गुरुजी, काहीही करा, पण आत्ता चला. आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं ना परवा, त्याचं चित्रण, जुने फोटो, आईच्या तोंडून घराण्याची हकीकत, असं सगळं सीडीवर घेतोय. आज सगळा गोतावळा येणार. गच्चीवर दूध आटवायचं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक सीडी द्यायची, असा बेत आहे. आणि तो कंप्युटरमधला सीडी रायटर! एक सीडी काढायला एवढा वेळ घेतो, की तेवढ्यात मी एका लग्नाच्या सगळ्या भांड्यांवर नावं घालून देईन."

"बाजारातल्या मेकॅनिकला दाखवला का?"

"दाखवला. तो म्हणाला, रायटर म्हातारा झाला, बदला. अहो, गेल्या पाडव्याला घेतलाय! पाडव्याचं पोर दसऱ्याला म्हातारं होतं का?"

गुरुजी हसले आणि उठले. हर्षलाने न सांगता हत्यारांची पिशवी उचलली.

व्यापाऱ्याचे दुकान बाजारपेठेत होते आणि घर त्याच्याच वर. खालून भांड्यांवर नाव घालण्याच्या यंत्राची किरकिर ऐकू येत होती. वरच्या बैठकीच्या खोलीत, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली संगणक होता. त्याच्या माथ्यावर दसऱ्याच्या झेंडूची माळ अजून सुकून लटकत होती. शेजारी आरामखुर्चीत व्यापाऱ्याची आई बसली होती. रात्रीच्या दुधासाठी ती भिजवलेले बदाम सोलीत होती.

"या मास्तर," ती म्हणाली. "एक हजार चंद्र बघून झाले. आता ती पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकलेली बघायची तेवढी राहिलीय. माझ्या हयातीत होईल ना?"

"बघू या, मावशी," गुरुजी म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

त्यांनी डबा उघडला. रायटरला जोडणारी चपटी वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. "बॅटरी धर." हर्षलाने धरली. रायटरच्या आतले भिंग हलक्या हाताने पुसले. "कापूस दे." तिने दिला. मग एक नवी कोरी सीडी घातली आणि काम सुरू केले. हिरवी पट्टी उगवली, सुपारीएवढी झाली आणि तिथेच बसली. बऱ्याच वेळाने ती पुढे सरकली, की सरकल्यासारखी वाटली, हे सांगणे कठीण होते.

"बघा," व्यापारी म्हणाला. "आमच्या नगरपालिकेत कामाला लावा हिला."

गुरुजींनी सीडी बदलली, दुसऱ्या कंपनीची घातली. तेच. त्यांच्या कपाळावर आठी पडली. एवढे तपासूनही यंत्रात खोट सापडत नाही, म्हणजे बाजारातला मेकॅनिकच बरोबर की काय?

मागे उभी असलेली हर्षला मात्र हिरव्या पट्टीकडे पाहतच नव्हती. ती माऊसच्या बाणाकडे पाहत होती. सीडीचे काम थांबलेले असले की तो पडद्यावरून सुरेख घसरत जाई. काम सुरू झाले की तो लंगडू लागे. मध्येच थांबे, मग उडी मारी, पुन्हा थांबे. रायटर जर एकटाच म्हातारा झाला असेल, तर बाणाने का लंगडावे?

आणखी एक गोष्ट तिला दिसली होती. टेबलाच्या कडेला बाजूला टाकलेल्या काही सीड्यांचा ढीग होता. त्यातल्या वरच्या सीडीच्या चकचकीत अंगावर, कडेशी, तांबूस पिवळा फराटा होता.

बोलावे का? बोलले आणि चुकले तर? मांडवातला हशा तिच्या कानात अजून तसाच होता. पण पाहिलेली गोष्ट गिळून टाकणे हेही तिला जमेना. शेवटी तिने गुरुजींना नाही, तर आरामखुर्चीतल्या आजींना विचारले, तेही जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू.

"आजी, या सीडीला हा डाग कसला?"

"डाग? अगं, कुंकू आहे ते!" आजी ठणकावून म्हणाल्या. "खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा नको का? खाली तराजू, नाव घालायचं यंत्र, वर हा कंप्युटर आणि ह्या त्याच्या ताटल्या. सगळ्यांना हळदकुंकू लावलं मी. एकालाही वगळलं नाही."

व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. "आई! चकचकीत बाजूला लावलंस?"

"मग कुठल्या बाजूला लावू? जन्म गेला माझा भांड्यांच्या घरात. ताटाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, ते मला शिकवू नकोस. चकचकीत ते तोंड. देवाला कुणी पाठीवर कुंकू लावतं का?"

"अगं, सीडीचं सगळं लिखाण त्या चकचकीत अंगावरच असतं!"

"मग लिहिणाऱ्याला कळायला नको?" आजी म्हणाल्या आणि पुढचा बदाम उचलला.

व्यापारी गुरुजींकडे वळला. "जुन्या फोटोंच्या सीड्या होत्या त्या. दसऱ्यानंतर लावायला गेलो, तर रायटर नुसता घरघर करी. काढून पुसल्या, पुन्हा लावल्या. पुसल्या, लावल्या. शेवटी फोटो भावाकडून मागवले आणि त्या बाजूला टाकल्या. पण आता तर कोऱ्या करकरीत सीड्या घालतोय. त्यांना कुठं कुंकू आहे?"

गुरुजी विचारात पडले. तेवढ्यात हर्षला त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "गुरुजी, सीडी लिहिताना बाण लंगडतो. एकटा रायटर नाही, अख्खा कंप्युटरच दमतोय."

गुरुजींनी वळून तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी पडद्यावर एक खिडकी उघडली. संगणकाला जोडलेले कोणते यंत्र कोणत्या वाटेने काम करते, ते तिथे दिसते. त्यांनी रायटरच्या वाटेवर बोट ठेवले, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला आणि "हं" एवढेच म्हणाले.

आतून ताकाचे पेले आले. गुरुजींनी एक उचलला, तोंडाशी नेला आणि त्यावर फुंकर घातली. थांबले. पुन्हा फुंकर घातली. मग ओठ अगदी टोकाला लावून, जपून जपून, एक घोट घेतला.

सगळे बघतच राहिले.

"गुरुजी, ताक आहे ते," व्यापारी म्हणाला. "माठातलं. गार."

"माहीत आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा फुंकर घातली.

व्यापाऱ्याला हसू आवरेना. आजींच्या हातून बदाम निसटून पाण्यात पडला. "अहो मास्तर," त्या हसत म्हणाल्या, "दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तुमचं तोंड कुणाच्या घरी पोळलं?"

"माझं नाही, मावशी. तुमच्या कंप्युटरचं. आणि तुमच्याच घरी पोळलं." गुरुजींनी पेला खाली ठेवला. "ऐका. संगणकाला रायटरपर्यंत जायला दोन वाटा असतात. एक हमरस्ता. त्यावरून सगळा माल भरधाव जातो आणि संगणकाला हातही लावावा लागत नाही. दुसरी पायवाट. तिथे संगणकाला एकेक ओंजळ स्वतः उचलून द्यावी लागते. म्हणून तो दमतो, म्हणून बाण लंगडतो. तुमचा रायटर पाडव्यापासून हमरस्त्यावर होता. मग कुंकवाच्या सीड्या आल्या. त्याला त्या वाचता येईनात. तो अडखळला, पुन्हा अडखळला. संगणक त्याच्या चुका मोजत होता. पुरेशा झाल्या, तसं त्याने ठरवलं, की याला हमरस्ता झेपत नाही. आणि त्याने रायटरला पायवाटेवर उतरवलं."

"बरोबरच केलं की," व्यापारी म्हणाला. "चुकणाऱ्याच्या हाती कोण माल देईल?"

"तोवर बरोबरच होतं. सावधपणा वाईट नाही. पण तुम्ही कुंकवाच्या सीड्या काढल्या, स्वच्छ घातल्या. रायटर तर मुळातच धडधाकट होता. तरी संगणकाने त्याला पुन्हा हमरस्त्यावर घेतलं नाही. रागावला नाही, तक्रार केली नाही, पडद्यावर एक अक्षर दाखवलं नाही. गुपचूप वाट तेवढी बदलून टाकली. त्याने चुका मोजल्या, पण चूक कशाने झाली हे विचारलंच नाही. तेव्हापासून समोर ताक आलं तरी तो आपला फुंकतोच आहे."

"मग आता औषध काय?"

"रायटरच्या त्या वाटेची ओळखच संगणकातून काढून टाकायची. मग तो बंद करून पुन्हा चालू करायचा. म्हणजे तो रायटरला नव्याने भेटेल. आजच घरात आलेल्या पाहुण्यासारखा."

"काढून टाकायची?" व्यापारी दचकला. "म्हणजे आहे तेही घालवायचं?"

गुरुजी उत्तर देणार, इतक्यात आजींनी बदामांचे भांडे मांडीवरून बाजूला ठेवले.

हर्षला खाली मान घालून उभी होती. रागावला नाही, तक्रार केली नाही, गुपचूप वाट बदलली. हे शब्द ऐकताना तिची बोटे बॅटरीवर आवळली गेली होती आणि विझवायची राहून गेलेली ती बॅटरी भर सकाळी जमिनीवर उगाचच उजेड पाडीत होती. गुरुजींचे तिकडे लक्ष नव्हते. आजींचे होते.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी मघापासून बघतेय. ही पोर तुमच्या मागे समईसारखी उभी आहे. बॅटरी धर, कापूस दे. कुंकू हिने बघितलं. बाण लंगडतो, तेही हिनेच बघितलं. मग खुर्चीत तुम्ही कसे? हिने कुणाच्या घरी दूध उतू घालवलंय?"

"आई," व्यापारी खाकरला, "ते गणपतीत नाही का, आरतीच्या वेळी तो धूर..."

त्याचे वाक्य अर्धेच राहिले. गुरुजी समोरच्या पेल्यात पाहत होते. खाली दुकानातले यंत्र कुणाचे तरी नाव घालून थांबले होते. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि हर्षलाच्या तोंडाकडे पाहिले.

"हर्षला, तो ॲम्प्लिफायर कशाने जळला?"

गणपतीपासून कोजागिरीपर्यंत ती या एका प्रश्नाची वाट पाहत होती. त्याचे उत्तर तिने अंथरुणात पडल्या पडल्या कितीदा तरी घोकले होते. त्यात मंडळाच्या पोरांची नावे होती, संताप होता, रडूही होते. पण गुरुजी खरेच विचारीत आहेत हे पाहिल्यावर त्यातले बहुतेक गळून पडले.

"मी दिला तेव्हा त्याला दोनच कर्णे होते," ती म्हणाली. "दुपारी त्यांनी आणखी जोडले. पार मागच्या गल्लीपर्यंत. एवढं ओझं त्याला पेलणारं नव्हतं." पुढचे वाक्य तिने कधीच घोकले नव्हते. "पण तुम्ही किती जोडणार, हे मी त्यांना विचारलं नाही, गुरुजी. ते मी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," गुरुजी म्हणाले. "आणि मी तुला."

ते उठले. खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. स्वतः जाऊन आजींशेजारी पाटावर बसले, तेही पडद्याकडे पाठ करून.

"मावशी, थोडे बदाम इकडे द्या. मला आता काय काम उरलंय?"

हर्षला खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती. माऊसवर ठेवण्याआधी तिने हात मांडीवर पुसला. रायटरची वाट तिने शोधली. काढून टाक, असे सांगितले. संगणकाने विचारले, नक्की का? तिने होकार दिला, आणि मग सगळे बंद करून पुन्हा चालू केले.

पडदा काळा झाला. काळाच राहिला.

"गेला!" व्यापारी ओरडला. "गुरुजी, अहो काळोख झाला इथं! जरा बघता का?"

"मावशी, सालं नीट सुटत नाहीत," गुरुजी म्हणाले. त्यांची पाठ ताठ झाली होती, पण वळली नाही. "पाणी आणखी गरम हवं होतं का हो?"

पडदा उजळला. खिडक्या जागेवर आल्या. कोपऱ्यात एक छोटीशी चौकट उमटली. नवे यंत्र सापडले आहे, असे ती सांगत होती. पाडव्यापासून एकाच घरात राहिलेल्या दोघांची जणू पुन्हा ओळख करून दिली जात होती. हर्षलाने बाण हलवला. तो लंगडला नाही.

तिने कोरी सीडी घातली, वेगाचा आकडा होता तेवढा वर चढवला आणि काम सुरू केले. हिरवी पट्टी धावत सुटली. व्यापारी "अरे वा! अरे वा रे वा!" करीत पुढे झाला. पट्टी निम्म्यावर आली, आणि अडखळली. रायटरने कसलासा आवाज केला, कप्पा आपोआप बाहेर आला आणि पडद्यावर लाल फुली उमटली. सीडी वाया गेली होती.

"झालं! पुन्हा तेच!"

खोलीत धूर नव्हता, तरी हर्षलाला जळका वास आला. समोरच्या काचेच्या कपाटात तिला गुरुजी दिसत होते. त्यांची मान थोडी वळली होती. उजवा हात बदामांवरून उचलला गेला होता आणि तसाच हवेत थांबला होता. "सरक, मी बघतो," असे म्हणणारा हात तिला चांगला ओळखू येत होता.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग पुन्हा बदामांच्या भांड्यात गेला.

"कशाने?" गुरुजींनी तिकडूनच विचारले.

हर्षलाने वाया गेलेली सीडी उलटून पाहिली. तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत तिचा वेग छापला होता. मग तिने पडद्यावरचा आकडा पाहिला.

"सीडी स्वस्तातली आहे. हिला झेपणारा वेग हिच्यावरच लिहिलाय, मी त्याच्या वर गेले." आणि मग तिने स्पष्ट म्हटले, "रायटरचा दोष नाही. मी घाई केली. वेग खाली घेते."

"घे."

"पण गुरुजी, एक सीडी फुकट..." व्यापारी कुरकुरला.

"गप रे," आजी म्हणाल्या. "मोऱ्यांच्या जावयाच्या ताटावर विहीणबाईंचं नाव घातलंस, तेव्हा यंत्र मोडीत काढलं होतंस का? की तुला घराबाहेर काढलं होतं?"

इतक्यात खालून गिऱ्हाइकाची हाक आली आणि व्यापारी नाइलाजाने दुकानात उतरला.

हर्षलाने दुसरी सीडी घातली. या वेळी पट्टी पिसाटासारखी धावली नाही. ती तालात चालणाऱ्या माणसासारखी एका लयीत पुढे गेली आणि कुठेही न थांबता टोकाला पोचली. व्यापारी गिऱ्हाइकाला बंब दाखवून, त्याचा भाव सांगून वर आला, तेव्हा सीडी तयार होऊन हर्षलाच्या हातात होती. कोमट आणि आरशासारखी लख्ख. तिने ती पुन्हा आत घातली आणि वाजवून पाहिली.

आजींचा आवाज खोलीभर झाला. त्यांच्या माहेरच्या आडाची, लग्नात हरवलेल्या नथीची, सासऱ्यांनी टोपलीत भांडी घेऊन गावोगाव फिरून उभ्या केलेल्या या दुकानाची हकीकत तो सांगू लागला. आजी मान कलती करून ऐकत राहिल्या.

"बाई, बाई, हा माझा आवाज?" त्या म्हणाल्या. "चांगला आहे की गं!"

मग एकामागून एक सीड्या निघत गेल्या. कुणी काही सांगत नव्हते आणि हर्षला कुणाला विचारीत नव्हती. प्रत्येक सीडी ती उजेडात धरून पाही, कडेला बोट लावून उचली आणि पाकिटात घाली. व्यापारी शेजारी बसून पाकिटांवर पाहुण्यांची नावे घालू लागला. "एवढं तरी काम माझं राहू द्या," असे तो म्हणाला. तिने त्याला एकदा थांबवले आणि म्हणाली, "काका, पाकिटात घालण्याआधी लिहा, वरून दाबून लिहू नका. आत ओरखडा उठेल." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आले, की आपण भांड्यांच्या मोठ्या व्यापाऱ्याला चक्क टोकले आणि तो निमूटपणे "बरं बाई" म्हणाला. तिला आपलेच नवल वाटले. अंगात काहीतरी सरळ उभे राहावे, तसे तिला वाटत होते.

दुपार कलली तसे पाहुणे येऊ लागले. सुना, लेकी, जावई, नातवंडे यांनी खोली भरून गेली. व्यापारी गुरुजींना पुढे करून सांगू लागला, "हे आमचे गुरुजी. यांनी आज कंप्युटर दुरुस्त केला म्हणून..."

"मी बदाम सोलले," गुरुजी मध्येच म्हणाले. "कंप्युटर हर्षलाने दुरुस्त केला. रोगही तिनेच ओळखला."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. एरवी अशा वेळी तिने मान खाली घातली असती. आजही तिचे कान लाल झाले, पण मान तिने वर ठेवली. आजींनी तिला जवळ ओढले आणि भरल्या घरात जाहीर केले, "माझे हजार चंद्र या पोरीने ताटलीत उतरवून दिले. पुढल्या वर्षी पूजेला बसवीन ती हिलाच, म्हणजे कुंकू कुठल्या बाजूला लावायचं ते विचारता येईल."

हशा पिकला. याही हशाचा आवाज मोठा होता, पण तो ऐकताना तिला कुठे लपावेसे वाटले नाही.

गुरुजींनी चपला पायात घातल्या. तशी व्यापाऱ्याला आठवण झाली. "अहो, निघालात कुठं? गच्चीवर दिव्यांच्या माळा लावायच्यात, आईला दोन शब्द बोलायला माइक लावायचाय. ते कोण बघणार?"

"मला दूध पचत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि बघायला हर्षला आहे."

त्यांनी हत्यारांची पिशवी दाराशी होती तिथेच राहू दिली आणि ते जिना उतरू लागले. हर्षला वर उभी राहून ऐकत होती. जिना जुना आणि लाकडी होता, त्याची पायरी अन् पायरी बोलत असे. मध्ये कुठे पाऊल थबकेल, काहीतरी सांगायचे राहिले म्हणून ते मागे वळतील, असे तिला वाटले. पण पाऊल एकदाही थबकले नाही. ते तसेच खाली उतरले, दुकानातून बाहेर पडले आणि बाजाराच्या गजबजाटात मिसळून गेले. तेव्हा तिला कळले, की आज आपल्याला जे मिळाले त्याचा खरा आवाज हाच, मागे न वळणाऱ्या पावलांचा.

तिने पिशवी उचलली आणि ती गच्चीकडे निघाली.

यंत्राची मोजलेली चूक पुसायला एक बटण पुरते. आपल्या जवळच्या ज्या माणसाला आपण कधीतरी गुपचूप पायवाटेवर उतरवले आहे, त्याला मात्र समोर बसवून "कशाने?" असे विचारावे लागते, आणि उत्तर ऐकून झाल्यावर पडद्याकडे पाठ करून बसावे लागते.